सकाळच्या पाळीचे पिक्चर

लग्नाकार्यात 'ह्या डायलिसिसला होत्या' अशी कुणी माझी ओळख करून दिली, की समोरच्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा टीव्हीबद्दल असतो. हल्ली प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्या खोलीत पडलेलं असतं. भेटायला गेल्यावर दिसतं ते असं: ओळीनं खाटा, खाटेशेजारी मशीन, हातातून निघालेल्या लाल नळ्या, आणि सगळी माणसं समोरच्या भिंतीवर मारामारीचा पिक्चर बघतायत. लोकांना ते खटकतं. एवढं मोठं आजारपण आणि त्यात हे काय, असं त्यांना वाटतं. मी त्यांना सांगते, आपलंच रक्त नळीतून बाहेर जाताना चार तास बघायचं नसेल, तर दुसरं काहीतरी बघावं लागतं.

माझं माहेर पणदऱ्याचं, सासर बारामतीचं. बारामतीतच एका केंद्रात मी डायलिसिस टेक्निशियन म्हणून काम केलं आणि मागच्या वर्षी थांबले. डॉक्टर नाही, नर्सही नाही. मशीन लावणारी बाई. ज्यांच्या किडन्या थांबल्या, त्यांच्या हातात दोन जाड सुया घालायच्या. एका सुईतून रक्त बाहेर येतं, केसासारख्या बारीक नळ्या भरलेल्या एका गाळणीतून फिरतं, दुसऱ्या सुईनं परत आत जातं. जे काम किडनी रात्रंदिवस गुपचूप करते, ते मशीन चार तासांत उरकतं, म्हणून माणूस पिळून निघतो. आठवड्यातून दोनदा, बऱ्याच जणांना तीनदा. आमची मंगळवार, गुरुवार, शनिवारची सकाळची पाळी होती आणि तिच्यात वर्षानुवर्षं तीच माणसं यायची. आमच्या कामाचं दुखणं इथंच आहे. इतर दवाखान्यांतून माणूस बरा होऊन जातो, पेढे आणून देतो. आमच्याकडं बरा होऊन जाणारा फार क्वचित. येत राहणं हीच बरी बातमी.

हणमंतआबा आले तेव्हा साठीच्या आतबाहेर होते. गाव डाळज. आजोबा मेंढरं राखायचे, वडिलांनी शेती धरली आणि आबांनी दुधाचा टँकर. टँकरवर सगळं आयुष्य गेलं आणि त्या आयुष्यात पिक्चरचं वेड सांभाळलं. दूध रिकामं होईपर्यंत गाडी उभी असायची, तेवढ्यात आबा थिएटरात. इंदापूर, भिगवण, बारामती, पार सोलापूरपर्यंत कुठल्या थिएटरात कुठली खुर्ची मोडकी होती ते त्यांना पाठ. पहिल्या दिवशी येणारा माणूस घाबरलेला असतो. विचारतो दुखेल का, किती दिवस करायचं, बंद कधी होईल. आबांनी सुयांकडं पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, "ताई, त्या टीव्हीला आवाज हाय का नुसताच लावलाय?"

आवाज होता, पण कुणी कधी वाढवला नव्हता. त्या दिवशी वाढवला.

तोवर आमच्या खोलीत जे लागेल ते लागायचं. कधी बातम्या, कधी मालिका, कधी नुसत्याच जाहिराती. आबांनी महिन्याभरात शिस्त लावली. चार तासांत एक पिक्चर पुरा आणि दुसरा अर्धा होतो, तर अर्धा राहिलेला पुढच्या पाळीला पुरा करायचा, असा त्यांचा नियम. कुठला लावायचा ते हात वर करून ठरायचं, अर्थात सुया नसलेला हात. आणि वाईट म्हणायचं असेल तर शेवटपर्यंत बघून म्हणायचं. शेजारच्या खाटेवरच्या पणदऱ्याच्या मालनकाकूंना हे पटलं नव्हतं. त्या माझ्या माहेरच्या, मला 'शोभे' म्हणणाऱ्या, आणि त्यांना मालिका हवी असायची. पण आबा मालनकाकूंशी भांडले नाहीत. पिक्चर सुरू झाला की ते हळू आवाजात शेजारच्या खाटेवर सांगत राहायचे, हा माणूस वाईट दिसतोय पर वाईट न्हाय बघा, किंवा ही आता परत येती का न्हाय सांगा. काकूंना पैज हरायची सवय नव्हती. त्या बघायला लागल्या.

त्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. आबा कुठल्याशा लग्नाला गेले आणि उन्हाचा मठ्ठा प्यायले. एक ग्लास म्हणाले, पण काट्यावर वजन वेगळंच बोलत होतं. बाहेरच्या माणसाला हे समजत नाही म्हणून सांगते. किडनी थांबली की लघवी थांबते, मग पोटात गेलेलं पाणी अंगातच साचतं. पायावर सूज, छातीत पाणी. म्हणून आमच्या पेशंटला दिवसाला मोजकंच पाणी. चहा, आमटी, ताक, सगळं त्यातच धरायचं. जास्त पिऊन आला तर ते सगळं मशीननं चार तासांत ओढायचं, आणि जास्त ओढलं की ब्लडप्रेशर धाडकन खाली येतं.

आबांचं तसंच झालं. त्या दिवशी कोर्टाचा पिक्चर होता. एका गरीब माणसावर खुनाचा आळ, शेवटचा निकाल वाचायची वेळ आली, आणि आबांच्या मशीनचा अलार्म वाजला. मी वळून पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढरा, डोळे वर. खाटेचं डोकं खाली केलं, पाय वर घेतले, पाणी ओढणं बंद केलं, सलाइन सोडलं. डॉक्टर धावत आले. पोटऱ्यांत पेटके आले होते, ते दाबून धरले. असं होतं, आमच्या हातांना त्याची सवय असते.

आबा शुद्धीवर आले. ओठ कोरडे पडले होते. पहिलं वाक्य हे: "त्याला फाशी झाली का सुटला?"

सगळ्यांनी टीव्हीकडं माना वळवल्या. टीव्हीवर नावं वर सरकत होती. मालनकाकू म्हणाल्या, सुटला. आबांनी समाधानानं डोळे मिटले. गुरुवारी काकूंनी स्वतःच सांगून टाकलं की त्यांनी शेवट बघितला नव्हता. मग एकेकाला विचारलं तर कुणीच बघितला नव्हता. त्या खोलीतले सगळे आबांकडं बघत होते. मी म्हटलं, आबा, शेवट परत लावू का? ते नको म्हणाले.

आबांचं साल दिवाळीला संपायचं. दिवाळीच्या आदल्या पाळीला त्यांनी पहिल्यांदा सालाचा निकाल लावला: वर्षात आपल्या खोलीत बघितलेल्यांतला एक नंबरचा पिक्चर कुठला आणि सगळ्यात वाईट कुठला. प्रत्येकानं आपापला सांगायचा, कारण द्यायचं. थिएटरात नवा का जुना ते इथं बघायचं नाही, इथं पहिल्यांदा लागला तो नवा. वाईटाचा मान त्या वर्षी एका ट्रकवाल्याच्या पिक्चरला गेला. त्यातला हिरो अख्खा घाट चढून गेला आणि एकदाही गिअर बदलला नाही, हे आबांचं कारण. आणि एक नंबर त्यांनी कोर्टाच्या पिक्चरला दिला. मालनकाकूंनी विचारलं, शेवट न बघता कसा काय? तुमचाच नियम ना?

"वाईट म्हणायला शेवट लागतो," आबा म्हणाले. "चांगला म्हणायला न्हाय लागत. इतकी माणसं रंगात आलेला पिच्चर सोडून माझ्याकडं बघत बसली. मला त्यो पिच्चर इसरायचा न्हाय."

पुढच्या वर्षीचा वाईट पिक्चर सोसायटीच्या निवडणुकीसारखा बिनविरोध निवडून आला. पिक्चर तसा बरा होता, पण त्यात रानातून तहानलेला आलेला हिरो पंपाच्या धारेला तोंड लावून घटाघटा पाणी पितो, अंगावर ओततो, वर आणि गाणं. मी काचेतून बघत होते. ज्यांना दिवसाला दोन पेले पाणी, ती माणसं त्या धारेकडं बघत होती. कुणाचा तरी गळा हलला. मालनकाकूंनी तोंडावर पदर घेतला आणि म्हणाल्या, शोभे, बंद कर गं. मी बंद केला. शेवट न बघता वाईट ठरलेला तो एकच. माझ्या डोळ्यांसमोर अजून तो पिक्चर नाही, ते चेहरे आहेत.

रूपाली आली ती आबांच्या तिसऱ्या वर्षात. पिंपळीची पोर, चोविशीची. कॉलेज झालं होतं, लग्न ठरलं होतं. पाय सुजायला लागले म्हणून तपासलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की पोरीनं आधी बरं व्हावं, मग बघू, आणि पुन्हा बघितलं नाही. ती कुणाशी बोलायची नाही. तोंड भिंतीकडं करून पडायची, टीव्हीकडं तर मुळीच बघायची नाही. आबांनी तिला कधी आग्रह केला नाही. फक्त हात वर करायची वेळ आली की म्हणायचे, रूपालीचं मत शिल्लक ठेवा, ती मागून देईल.

तिच्या आईची, सुशीलाताईंची किडनी जुळली. तरुण पेशंटला मशीनपेक्षा हीच वाट चांगली. आई धडधाकट, उसाच्या रानात दिवसभर खपणारी. पुण्याच्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या, कागदपत्रं झाली, दिवाळीनंतरची तारीख मिळायची होती. ते कळल्यावर रूपालीनं पहिल्यांदा तोंड भिंतीवरून इकडं वळवलं. एका शनिवारी तिनं हात वर केला. तिनं नुसत्या नावावरून निवडलेला पिक्चर लागला म्हणून आबा इतके खूश झाले की त्यांनी तो आधी कसला आहे हेसुद्धा विचारलं नाही.

पिक्चर आई-मुलाचा होता. चकचकीत घर, चकचकीत दवाखाना. मुलाच्या किडन्या जातात, आई कुणाला न सांगता आपली किडनी देते, आणि ऑपरेशनच्या टेबलावर मरते. मागं अंगाई. मुलगा शुद्धीवर येतो तेव्हा आई नाही. खोलीत जो तो रडत होता. मालनकाकूंना हुंदका आवरेना. रूपाली रडली नाही. सुया काढल्यावर दाबून धरायला दिलेला बोळा तिनं इतका वेळ दाबून धरला की मला तिची बोटं सोडवावी लागली.

मंगळवारी ती म्हणाली, ऑपरेशन करायचं नाही.

मग सगळ्यांनी समजावलं. आमच्या डॉक्टरांनी खुर्ची ओढून बसून सांगितलं, पुण्याहून फोन आला. एका किडनीवर माणूस नीट जगतो, देणाऱ्याला धोका अगदी थोडा असतो, म्हणून तर इतक्या तपासण्या करतात. तिला ते सगळं माहीत होतं. मी म्हटलं, रूपाली, अगं पिक्चर आहे तो. ती म्हणाली, "मला कळतंय पिक्चर आहे. पण आता डोळे मिटले की टेबलावर आईच दिसते. तिला काही झालं तर मी त्या किडनीचं काय करू?" धोका थोडा असतो म्हणजे नसतो असं नाही, आणि ती हुशार होती. बाहेर सुशीलाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं की जबरदस्तीनं करता येतं का. नाही येत.

पुढच्या पाळीला टीव्ही लावायला कुणी सांगितलं नाही. बराच वेळ नुसता मशिनींचा आवाज. मग आबा रूपालीच्या खाटेकडं मान करून बोलायला लागले. आबा एरवी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलत. त्या दिवशी हळू बोलले, पण मी दोघांच्या मध्ये बीपी बघत होते.

"दाराच्या काचंतून बघ. बाकड्यावर कोण बसलंय?"

रूपाली म्हणाली, मावशी.

"माझी मालकीण हाय ती. तिची किडनी मला जुळत व्हती. समद्या तपासण्या झाल्या, आन मीच न्हाय म्हणालो. म्हणलं, हिला काय झालं तर? हिच्या अंगाला चाकू लावू द्यायचा न्हाय. लई मोठं काम केलं असं वाटलं मला."

हे मलाही माहीत नव्हतं. आबांच्या बायकोला, हौसाबाईंना, मी प्रत्येक पाळीला बाहेर बघायची. डाळजहून एसटीनं आबांबरोबर यायच्या, मांडीवर पिशवी घेऊन बसायच्या, परत घेऊन जायच्या. आत कधी आल्या नाहीत. रक्त बघवत नाही म्हणायच्या.

आबा म्हणाले, "तवापासनं मी हितं पडतो आन ती तितं बसती. तिचं म्हायेर सुटलं. भावाच्या पोरीच्या लग्नाला जाता आलं न्हाय, शनिवार व्हता. गुडघं गेलं. आता साखर लागली, म्हंजी आज ती देती म्हणली तरी डॉक्टर घेत न्हायत. मी तिची किडनी घेतली न्हाय, रूपाली. बाकी समदं घेतलं."

मी तिथून हलले, कारण मला कुणाच्याच तोंडाकडं बघवेना.

तिचं मन लगेच वळलं असं नाही. गोष्टीत वळतं तसं माणसाचं मन वळत नाही. ती पुढच्या आठवड्यात आली ते एक मागणी घेऊन. जिनं किडनी दिलीय अशा बाईशी बोलायचं, आणि डॉक्टरांनी निवडलेली नको, तुम्ही निवडा. इंदापूर तालुक्यातल्या एका बाई मला माहीत होत्या. त्यांनी मुलाला किडनी दिली होती, त्याला बरीच वर्षं झाली. मी त्यांच्या परवानगीनं फोन लावून रूपालीच्या कानाशी धरला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. बाई कांद्याच्या रानात होत्या आणि त्यांना बोलायला सवड नव्हती. बायका जेवायला थांबल्यात, काय विचारायचं ते पटकन विचार, असं म्हणाल्या. रूपालीनं विचारलं, तुम्हाला काही त्रास होतो का? बाई म्हणाल्या, पाऊस पडला की टाके खाजतात, आणि पोरगं गोळ्या वेळेवर घेत नाही त्याचा त्रास होतो. एवढं बोलून फोन ठेवला. रूपाली फोनकडं बघत राहिली आणि किती दिवसांनी हसली. डॉक्टरांनी तासभर जे सांगितलं, तेच त्या बाईंनी सांगितलं होतं. फक्त त्या ते रानात उभ्या राहून सांगत होत्या.

जाताना तिनं आईला सांगितलं, तारीख घे.

त्या दिवाळीचा निकाल मला शब्दन् शब्द आठवतो. आबांनी आधीच जाहीर केलं की ह्या सालचा सगळ्यात वाईट पिक्चर त्या चकचकीत आईचा. कारणही तयार होतं. ते म्हणाले, दुसरे वाईट पिक्चर आपला वेळ घेतात, ह्यानं पोरीचा जीव घेतला असता. कुणी ऑपरेशनचं दाखवणार असेल तर आधी एकदा अशा खोलीत येऊन बसावं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग मालनकाकूंची पाळी आली आणि त्या म्हणाल्या, माझा एक नंबर तोच.

आबांना वाटलं चुकून बोलल्या. त्यांनी परत विचारलं.

"चुकून न्हाय," काकू म्हणाल्या. "माझी आई गेली तवा मी मशीनवर व्हते. मला जाता आलं न्हाय. घरी रडले तर सून घाबरती, म्हणती दम लागंल. हितं रडले तर शोभी बीपी बघाया येती. रडायला बी कारण लागतंय आबा. त्या पिच्चरनं दिलं. मी पोटभर रडले त्या दिवशी."

वाद आबांना आवडायचा, पण त्यांनी वाद घातला नाही. रूपालीला विचारलं, बाई, तुझं काय मत? ती म्हणाली, काकूंचंही बरोबर आहे. मग आबांनी निकाल दिला की ह्या साली दोन्हीकडं एकच नाव. मी त्या कामात इतकी वर्षं काढली, पण एकाच गोष्टीनं एकाचा जीव जाता जाता राहावा आणि दुसऱ्याला तिनंच आधार द्यावा, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून कुणाला काय आवडावं ह्यावर मी हसत नाही.

रूपालीचं ऑपरेशन पुण्यात झालं. सुशीलाताई चार दिवसांत चालायला लागल्या. मुलीला जन्मभर गोळ्या आहेत, गर्दीत मास्क आहे, तपासण्या आहेत. पण ती पाणी पिते. परत आल्यावर ती आम्हाला भेटायला आली, तेव्हा मालनकाकूंनी आईला मुद्दाम खोलीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. सुशीलाताई लाजत लाजत चालल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एक हात अडकलेला असतो. नुसते बघत राहिले.

आबांचं पुढच्या उन्हाळ्यात बिनसलं. डायलिसिससाठी मनगटापाशी दोन रक्तवाहिन्या जोडून एक जागा तयार करतात. तिच्यावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरतं तसा कंप लागतो. मी आल्याआल्या आधी तो बघायची. एका मंगळवारी कंप लागला नाही. दुसऱ्या हाताला करून बघितलं, ते धरलं नाही. मग मानेत नळी घालावी लागली, आणि नळीतून जंतू जायची भीती कायमची. आणि जंतू गेलेच. ताप, थंडी, दवाखान्यात भरती. परत आले तेव्हा आबांचा आवाज गेला होता. पिक्चर निवडायला हात वर करत, पण लागला की अर्ध्यात झोपून जात. श्रावणात एका शुक्रवारी डाळजला घरीच गेले. शनिवारी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी त्यांचं मशीन लावून तयार ठेवलं होतं.

आमच्याकडं खाट रिकामी राहत नाही. वेटिंगवर माणसं असतात. मंगळवारी त्या खाटेवर नवा पेशंट आला, घाबरलेला, आणि मी त्याला तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगते. असं करावं लागतं, आणि ते मला कधी बरं वाटलं नाही. त्या दिवाळीला निकाल कुणी लावला नाही. मालनकाकू म्हणाल्या, आज टीव्ही नको. त्यानंतर काही महिन्यांनी मी काम सोडलं.

यंदा उन्हाळ्यात रूपालीचा फोन आला. ती आता बारामतीत एका दुकानात हिशेबाचं काम करते. तिच्या डोक्यात होतं की हौसाबाईंना थिएटरात न्यायचं. आबा गेल्यापासून त्या घराबाहेर पडत नव्हत्या. मुलानं एसटीत बसवून दिलं, आम्ही दोघींनी स्टँडवर उतरवून घेतलं. कुठला पिक्चर ते सांगत नाही. दोन म्हाताऱ्या बहिणींचा होता, शांत. हौसाबाई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. आयुष्यात थिएटरात त्या दुसऱ्यांदा येत होत्या. पहिल्यांदा लग्नानंतर लगेच.

मध्यंतरात चहा घेताना रूपालीनं त्यांना विचारलं, आबांना एवढं वेड, मग तुम्ही कसं काय कधी बघितलं नाही?

त्या म्हणाल्या, "मला समदे पिच्चर ठावं हायत. त्या खोलीत जे लागायचं ते एसटीत घरापतूर सांगायचे. दमलेलं असायचे, पर सांगायचे. कोण काय म्हणलं, कुणाचं लुगडं कसलं, समदं. बाकड्यावर बसायचं बरं वाटायचं मला, जाताना ऐकाया मिळंल म्हणून."

मग त्यांनी आठवून आठवून सांगितले. कोर्टाचा सांगितला, गिअर न बदलणाऱ्याचा सांगितला. आणि म्हणाल्या, त्यांतला मला आवडला तो आई किडनी देती तो. आई मागनं बरी होती, आन मायलेकरं एसटीनं घरी येत्यात. दारात सून भाकरतुकडा ओवाळती.

रूपालीनं माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या कपात बघत होते. आम्ही दोघींनी काही सांगितलं नाही.

पिक्चर सुटला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. चालत स्टँडवर आलो. बाकड्यावर टेकल्यावर मी हौसाबाईंना विचारलं, कसा वाटला?

"चांगला व्हता," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पर आता घरी जाऊन सांगायचा कुणाला?"

रूपाली त्यांच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "मला सांगा. मला धाकट्या बहिणीचं नीट कळलं नाही."

ती सगळा पिक्चर डोळे न हलवता बघत होती. हौसाबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. खरं-खोटं त्यांना समजलं असेल, नसेलही. पिशवी मांडीवरून उचलून त्यांनी बाजूला ठेवली. तेवढ्यात त्यांच्या वाटेची भिगवणची गाडी फलाटाला लागली, माणसं दाराशी गर्दी करायला लागली. मी उठले. हौसाबाई म्हणाल्या, जाऊ द्या ही, मागनं दुसरी हाय. आणि पदर सारखा करून, पहिल्या बहिणीपासून, त्या सांगायला लागल्या.